ठकूबाईचं बंद दार

ठकूबाईची पात गेली तीन वर्षं मागं पडत होती. खुरपणीला बसलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला रानाचा जो पट्टा येतो, ती तिची पात. बाईची किंमत त्यावरून ठरते. अडुसष्टाव्या वर्षी बोटं वळत नाहीत, हे भुईमुगातल्या गवताला कोण समजावणार?

तरी यंदा कळंबच्या शिवारात तिची पात रोज वेळेत निघे. त्याला कारण तिची गोष्ट.

गाव धरणात जाणार म्हणून एक बाई घराला कुलूप घालून निघाली, तर आतून कडी वाजली. गोष्ट एवढीच. ठकूबाई स्वतः त्याच बुडालेल्या गावची. शेवटचं कुलूप तिनंच घातलेलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे.

भूत तिनं कधी दाखवलं नाही. एके दिवशी कडी वाजली. दुसऱ्या दिवशी विझवलेल्या चुलीचा धूर कौलांतून वर आला. तिसऱ्या दिवशी ओली पावलं उंबऱ्याशी गेलेली दिसली, परतलेली नाहीत. नेमकी इथं ती आवाज खाली आणी. ऐकायचं तर दोन्हीकडच्या बायकांना जवळ सरकावं लागे, आणि सरकलं की हात आपसूक तिच्या पातीतलं गवत काढत. शिकलेले लोक याला वातावरणनिर्मिती म्हणतात. तिचा इतका रोकडा उपयोग त्यांना क्वचितच जमतो.

पंधरा दिवस गोष्टीतलं दार उघडेना, तेव्हा टोळी चालवणाऱ्या झुंबरबाईचा धीर सुटला.

"म्हातारे, आज दार उघड. न्हाई तर उद्या पिकअपमधी बसू नगं. लई झालं तुजं."

"आन बाहेरून कुलूप असताना आत कोन?" झुंबरबाईची कॉलेजातली लेक तेजस्विनी म्हणाली. "हे काय बसत न्हाई, आजी."

"बसत न्हाई, म्हनून तर कडी वाजवतंय, बाय."

बायका हसल्या. झुंबरबाई हसली नाही.

दार उघडलं तर गोष्ट संपणार, नाही उघडलं तर काम. ठकूबाईनं पुढचं गवत खुरपलं. मग अगदी हळू बोलली.

"तिनं कुलूप काढलं. आत कोन न्हाई. चूल पेटलेली, तव्यावर भाकर. करपंल म्हनून ती उलटाया वाकली."

खुरपी थांबली.

"तवर मागनं दार लागलं. बाहेरनं कुलूप घातलं कुनीतरी."

"आन पानी?" तेजस्विनीनं विचारलं.

"पानी येनारच व्हतं. आलं."

"मंग ती बाहेर कशी आली?"

"कोन म्हनलं, आली?"

भर दुपारच्या उन्हात एकीनं पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये ठकूबाईची जागा राखलेली होती. दोन्ही अंगांना हातभर मोकळी. तिची पात सगळ्यांच्या आधी निघाली. बायकांनीच खुरपली, तिच्या हाताला हात लागणार नाही अशा बेतानं.

घरी येऊन तिनं दाराला आतून कडी घातली. आणि रोजच्यासारखी, बाहेरून कुलूप वाजतंय का, ते ऐकत उभी राहिली.