मेणवाल्या मॅडम आणि माझा जास्तीचा आकडा

मेणवाल्या मॅडमना ‘छान’ हा शब्द येत नसे. त्यांची सर्वांत मोठी दाद म्हणजे, “पुढं?” आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या तळघरात त्यांनी मेणाच्या विटांचा जाडजूड ठोकळा रचला होता आणि त्यात मोजणीच्या नळ्या बसवल्या होत्या. न्यूट्रॉन सुसाट येतो. मेणात धडका खात मंदावतो, तेव्हा कुठं नळीत सापडतो. विटा मॅडम स्वतः ओतायच्या, त्यामुळे साडीवर कायम मेणाचे ठिपके. कुणीतरी दारावर खडूनं ‘मेणवाल्या मॅडम’ लिहिलं, तर त्यांनी खाली भेटायची वेळ लिहून ठेवली.

युरेनियमचं केंद्रक फुटलं की तुकड्यांत न्यूट्रॉन जास्तीचे असतात. त्यातले काही तुकडे आधी बीटा कण सोडतात आणि मग, जरा उशिरानं, एखादा न्यूट्रॉन बाहेर टाकतात. या मूठभर उशिरा येणाऱ्यांमुळेच अणुभट्टी माणसाच्या ताब्यात राहते. ते किती आणि केव्हा येतात हे मोजण्यात मॅडमची उभी हयात गेली. “लगेच आलेले कुणालाही दिसतात,” त्या म्हणायच्या, “उशिरा येणाऱ्यांसाठी कुणीतरी बसून राहावं लागतं.”

मला बसून राहणं कधी जमलं नाही. मी विश्रांतवाडीत पत्रकं लिहीत वाढले. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. वसतिगृहात जेवण वाईट, काढा पत्रक. आकडा मोठा, वाक्य छोटं, एवढंच व्याकरण. मॅडमनी एकदा माझं पत्रक मागून घेतलं आणि म्हणाल्या की यात तुला माहीत काय आहे आणि वाटतं काय आहे, दोन रंगांत खुणा करून आण. केल्या. ‘माहीत’चा रंग जवळजवळ वापरावाच लागला नाही. आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

मग बातमी आली की तळघर रिकामं करायचं. खराडीतल्या आयटी कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी मुलाखतींची तालीम तिथं होणार म्हणे. तीस खुर्च्यांना पुण्यात दुसरी जागाच नव्हती. निर्णयाला समिती नेमली. नेमका त्याच आठवड्यात माझ्या प्रकल्पात उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनचा आकडा आला आणि तो मान्य आकड्यापेक्षा बराच जास्त होता. मी लगेच पत्रक छापून घेतलं : ‘तळघरात नवा शोध, तरीही कुलूप?’

मॅडमनी आलेख पाहिला. वजा काय केलंस, एवढंच विचारलं. रिकाम्या ठोकळ्याची मोजणी, मी सांगितलं. “आणि पाण्याची?”

आमचं युरेनियम पाण्यात विरघळवलेलं असायचं. मॅडमनी तशाच कुपीत नुसतं पाणी भरायला लावलं, ती न्यूट्रॉनचा मारा करणाऱ्या यंत्रासमोर धरून मग मेणाच्या ठोकळ्यात आणायला लावली. न्यूट्रॉन आले. पाण्यातल्या ऑक्सिजनचा एक अगदी छोटा भाग वजनदार असतो. यंत्राच्या माऱ्यात त्याचा असा नायट्रोजन होतो, जो स्वतःही उशिरानं न्यूट्रॉन सोडतो. हे मी वाचलेलं होतं. घाईत गाळलं होतं. माझा जास्तीचा सगळा आकडा त्या पाण्याचा होता.

“अभिनंदन,” मॅडम म्हणाल्या. “खडकवासल्याचं अख्खं धरण तुझ्या शोधानं भरलंय.”

मी विनवलं. समितीला यातलं काही कळत नाही, आठ दिवस गप्प राहू, खोली वाचली की दुरुस्त करू. मॅडमनी ऐकून घेतलं आणि समितीसमोर पहिलं वाक्य तेच बोलल्या : आकडा चुकला होता, आम्ही मागे घेतला. अध्यक्षांनी हसून विचारलं की मग ही खोली ठेवायची कशासाठी.

“चूक इथंच सापडली, म्हणून.”

समितीनं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. खोली गेली. त्या माणसांवरचा माझा राग आजही उतरलेला नाही, उतरवायचाही नाही. मॅडम त्याच वर्षी निवृत्त झाल्या. पत्रकं मी अजून काढते, पण आता त्यातला आकडा खोडायला येणारा माणूस हात हलवत परत जातो. हे मला मॅडमनी दिलं, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायची सोय त्यांनी कधीच ठेवली नाही.

त्या दिवशी समितीतून बाहेर पडल्यावर जिन्यात मी चिडून म्हणाले, “मॅडम, आठ दिवस गप्प राहिलो असतो तर खोली वाचली असती.”

“वाचली असती की,” त्या म्हणाल्या. “आणि मग त्या खोलीत तुला रोज बसावं लागलं असतं.”