साडूंच्या चिठ्ठीची मागची बाजू

पोळ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी माझे साडू शेलूबाजारातल्या त्यांच्या पिठाच्या चक्कीत गेले. त्यांनी दोन डबे दळले आणि ते खुर्चीत बसले. ते उठले नाहीत. दुसरा डबा आमचा होता.

जगात जिथे कुठे कोणी कंपनीला न विचारता, घरातल्या घरात गाणं केलं असेल, ते आमच्या साडूंनी ऐकलेलं होतं, असं मी म्हटलं तर निदान वाशीम जिल्ह्यात कोणी मला खोडून काढणार नाही. बर्फाच्या मुलखात गाडीच्या शेडमध्ये उभे राहून किंचाळणारे दोन भाऊ, वाळवंटात तेलाच्या डब्याला तारा बांधून वाजवणारा म्हातारा, डोंगरातली नुसती शीळ घालणारी बाई, आणि अनसिंगजवळची बी.एड. होऊन घरी बसलेली व वऱ्हाडीत रॅप करणारी मुलगी, हे सगळे त्यांच्या लेखी एकाच गावचे. ज्याला ऐकणारे कमी, त्याच्यावर साडूंचा जीव जास्त. मोबाइलला रेंज चक्कीच्या पत्र्यावर येई, म्हणून हा साठीतला माणूस दुपारी शिडी लावून वर चढे आणि गाणी उतरवून घेऊन खाली येई. त्या गाणाऱ्यांना मराठीत अभिप्रायही कळवी. ‘आवाज चांगला आहे. ढोल कमी करावा. चक्कीवाले, शेलूबाजार.’ बर्फातल्या भावांनी उत्तरादाखल एकदा हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा दाखवलं, की जणू ते भाऊ आमच्या सोयरिकीतलेच होते. सिनेमाच्या गाण्यांना मात्र ते मैदा म्हणत. “कोंडा काढून टाकेल हाये त्याचा,” ते म्हणत, “गिळाले सोपं, अन् पोटाले काईच नाई. गानं कसं कोंड्यासकट पायजे.”

चाळीस वर्षं चक्कीच्या आवाजात काढल्यामुळे त्यांचा डावा कान गेलेला होता आणि उजवा जाण्याच्या बेतात होता. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे मोबाइल रिकाम्या डब्यात ठेवून डब्याच्या तोंडाशी कान न्यायचा. हा डबा गिऱ्हाइकाचा असे. त्यातही प्रकार होते. शीळ ऐकायची तर पितळी डबा, किंचाळी असेल तर पत्र्याचा, आणि रॅपसाठी स्टीलचा, कारण “शब्द उभे राह्यले पायजेत.” गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची म्हणून चक्की बंद असली की रांगेतल्या डब्यांतलं धान्य पोत्यावर ओतून त्यांचा योग्य डब्याचा शोध चाले. “कारे बापू, माह्या डब्यात कायचं भूत घातलं तू?” असं कोणी ओरडलं तरी ते नुसता हात वर करत. गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही.

दळलेल्या डब्यात ओळखीसाठी चिठ्ठी टाकायची पद्धत सगळ्याच चक्क्यांत असते. नाव, धान्य, जाड की बारीक. आमचे साडू चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एका गाण्याचं नाव आणि ते कुठे सापडेल ते लिहून देत. तुमची आवड ते विचारत नसत. रांगेत तुम्ही कसे उभे राहता, हे बघून ठरवत. अट एकच, शेवटपर्यंत ऐकायचं. “अर्धं दळन कोनी घरी नेते का?”

एकदा चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. भजनी मंडळातल्या एका म्हातारीसाठी लिहिलेली अंगाई व्यायामशाळेतल्या पहिलवानाकडे गेली, आणि त्याच्यासाठीची बर्फातल्या भावांची किंचाळी म्हातारीच्या ज्वारीच्या डब्यात. पहिलवान दंड मारता मारता सतरंजीवर झोपला. म्हातारी दुसऱ्या दिवशी काठी टेकत चक्कीत आली. “कारे बापू, त्या पोट्ट्याच्या पोटात दुखून राह्यलं. दवाखान्यात काहून नेत नाई त्याले कोनी?” साडूंनी कानाला हात लावले, चूक कबूल केली आणि चिठ्ठी परत मागितली. म्हातारीने दिली नाही. “राहू दे. माहा लेक गेला तवा मले असंच वरडाचं होतं. लोकाईनं वरडू देल्लं नाई.” साडू त्या दिवशी चक्की सुरू करायला विसरले.

असा हा माणूस नऊ वर्षं माझ्या मागे लागलेला होता. मी शाळेतल्या ग्रंथालयात नोकरी केली. मला पुस्तकं आवडतात आणि शांतता आवडते. गाण्याने मी कधी हललो नव्हतो, आणि साडूंनी तो आपला पराभव मानला होता. “परतेकाचं एक गानं असते, साडभाऊ. तुमचं भेटल्याबिगर मी चक्की बंद करत नाई.” दर पंधरा दिवसांनी डबा यायचा आणि डब्यात नवी चिठ्ठी. ती मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवी. गाणं अर्धा मिनिट लावून बंद करी, आणि भेटल्यावर म्हणे, “छान होतं.”

एकदा त्यांनी विचारलं, “शेवटी कुत्रं भुकते, ते कसं वाटलं?”

“तेच तर सगळ्यात आवडलं.”

“त्यात कुत्रं नाई, साडभाऊ.” एवढं बोलून त्यांनी माझा डबा उचलला, नेहमीसारखाच दळला आणि त्यात पुढची चिठ्ठी टाकली.

त्या मंगळवारी कोणीतरी आमचा डबा घरी आणून ठेवला. तेरवीपर्यंत तो कोणी उघडला नाही. नंतर बायकोने उघडला. चिठ्ठीवर माझं नाव होतं. गहू, मध्यम. मागची बाजू कोरी होती.

“हार मानली का हो भाऊजींनी?” तिने विचारलं. भजनी मंडळातली ती म्हातारी भेटायला आली होती, तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “हार नाई मानत तो. सोताले पटल्याबिगर त्यानं कोनाले गानं देल्लं नाई. सापडलं नसन अजून. मंग खोटं कायले लिहीन?”

त्या दिवसापासून मी माझी पुस्तकं एकेक करून उतरवतो आहे. प्रत्येकात कुठेतरी एक चिठ्ठी आहे. ती काढतो, स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवतो आणि गाणं शेवटपर्यंत ऐकतो. पुष्कळ गाणी मला अजूनही कळत नाहीत. परवा ते गाणं लागलं. त्यात कुत्रं नाही. गाणं संपल्यावर, गाणाऱ्याने रेकॉर्डिंग बंद करायच्या आधी, त्याच्या मागच्या खोलीतून एक बाई कोणाला तरी जेवायला हाक मारते.

हे त्यांना सांगायचं राहिलं.

दोन कपाटं अजून उरली आहेत, आणि एक कोरी चिठ्ठी.