फ्रान्सचे अनुपान

पनवेलच्या भूमीने फ्रान्सच्या द्राक्षविद्येचा एक थोर अभ्यासक निर्माण केला, असे आमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष एका सत्कारसमारंभात म्हणाले होते. टाळ्याही पडल्या. त्या वाक्यात दोनच किरकोळ दुरुस्त्या करायला हव्या होत्या. अभ्यासकाचा जन्म पेणचा होता, आणि फ्रान्सचे मद्य त्याने तोवर थेंबभरही चाखलेले नव्हते. बाकी वाक्य बरोबर होते.

अभ्यासक म्हणजे अण्णा वैद्य. वडाळे तळ्याच्या बाजूला त्यांचा दवाखाना होता आणि मागच्या पडवीत आसवांच्या बरण्या. द्राक्षासव ही त्यांची खरी कर्तबगारी. मनुका, धायटीची फुले, गूळ आणि मसाले घालून बरणीचे तोंड माती लिंपलेल्या कापडाने बंद करायचे आणि आत ते आंबून तयार होईपर्यंत हात लावायचा नाही, ही विद्या त्यांना वडिलांकडून आली होती. अंगाने किरकोळ, आवाज मात्र कीर्तनकाराचा. रोग्याची नाडी बघताना ते डोळे मिटत, आणि कधीकधी रोगी गेल्यावरही उघडायचे विसरत.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "औषध कोणीही देईल. अनुपान सांगा." अनुपान म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचे ते मध, तूप किंवा कोमट पाणी. अण्णांच्या मते जगातल्या बहुतेक गोष्टी फसतात त्या अनुपान चुकल्यामुळे. माझे लग्न ठरले तेव्हा त्यांनी मुलीबद्दल काही विचारले नाही. "मुलगी उत्तमच असेल," ते म्हणाले, "अनुपान कसं आहे?" त्यांचा रोख माझ्या होणाऱ्या सासूकडे होता. प्रश्न योग्य होता, हे मला पुढे कळले.

फ्रान्सचे वेड लावले ते बहरामशेटांनी. मुंबईचे हे पारशी गृहस्थ पोटाच्या तक्रारीसाठी अण्णांकडे येत. महायुद्धाच्या आधी ते फ्रान्समध्ये राहून आले होते. एकदा द्राक्षासवाचा घोट घेऊन ते म्हणाले, की फ्रान्सच्या पूर्वेला जुरा नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे, तिकडे पॅरिसचे लोकसुद्धा फारसे जात नाहीत. तिथे एक पिवळी वाइन करतात. ती पिंपात भरतात आणि सहा वर्षे तशीच ठेवतात. वरून उडून गेली तरी भर घालीत नाहीत. नंतर ती माणसापेक्षा जास्त टिकते.

"सहा वर्षं झाकण उघडत नाहीत?" अण्णांनी विचारले. "इथं दारूखात्याचा इन्स्पेक्टर दर महिन्याला उघडतो."

त्या दिवसापासून मी या प्रकरणात सापडलो. मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे. कॉलेजात संस्कृत चुकवण्यासाठी मी फ्रेंच घेतले होते. त्याची शिक्षा म्हणून मला एका वैद्याच्या दवाखान्यात बसून बहरामशेटांनी दिलेले फ्रान्सचे जुने रेल्वे वेळापत्रक वाचून दाखवावे लागले. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. पण मार्सेयला बोटीतून उतरल्यावर लियाँला गाडी कुठे बदलायची, आणि पुढची चुकली तर किती वेळ बसावे लागते, हे अण्णांना तोंडपाठ झाले. धन्वंतरीच्या तसबिरीशेजारी जुराचा नकाशा लागला. रोगी दोघांनाही नमस्कार करीत.

उच्चारांवरून आमचे रोज वाजे. जुरामधल्या एका गावाला मी आर्ब्वा म्हणालो, की ते आर्बोइस म्हणत.

"शेवटची अक्षरं उच्चारत नाहीत, अण्णा."

"मग लिहितात कशाला? शाई फुकट येते काय त्यांच्याकडे?"

जुरा हे मूळचे 'जरा' असावे, असेही त्यांनी ठरवून टाकले. जिथले आसव म्हातारपणाला दाद देत नाही त्या मुलखाचे नाव दुसरे काय असणार, हा पुरावा. मी वाद घातला नाही. दिवसभर पोरांना इंग्रजी क्रियापदे शिकवून आलेल्या माणसात वाद घालण्याचे त्राण नसते.

खाण्याची आखणी त्याहून अवघड होती. बहरामशेटांच्या सांगण्यावरून पिवळ्या वाइनबरोबर तिथे कोंबडी, नदीतला मासा, अळंबी, अक्रोड आणि कोंते नावाचे चीज खातात. कोंबडी आणि मासा अण्णांनी पहिल्याच दिवशी खोडले. अळंबी विचाराधीन राहिली. चीजवर काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, एकच प्रश्न विचारला: "नासलेलं दूधच ना ते? मग घरी काय कमी आहे?" पुढे बहरामशेटांनी सांगितले, की ते दूध वासराच्या पोटातल्या पदार्थाने विरजतात. तेव्हा अण्णांनी कानांना हात लावले. मग म्हणाले, की चीज फक्त हुंगायचे.

"वास घेतला की अर्धं जेवण होतं, असं शास्त्र आहे," मी म्हणालो.

"मग अर्धंच प्रायश्चित्त घेईन."

खरा पेच होता तो पंचांगाचा. जुरामधली द्राक्षे काढतात ती नेमकी आपल्या पितृपक्षात. अण्णा एकुलते एक. वडिलांची तिथी अष्टमीची. काकूंनी बजावून ठेवले होते, की सासऱ्यांच्या पानाला कावळा शिवल्याशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नाही. त्यामुळे दर वर्षी नवे पंचांग आले, की अण्णा आधी संक्रांत पाहत नसत, भाद्रपद पाहत. एकदा मी कंटाळून म्हटले, की तुम्हाला प्यायचे आहे सहा वर्षांचे जुने, मग नवी द्राक्षे कशाला बघायची? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "मुलगी बघायला जायचं आणि तिची आई बघायची नाही?"

या सगळ्याला मी बरीच वर्षे हसत असे. मग दारूबंदी आली, आणि तालुक्याची पचनशक्ती एकाएकी ढासळली. द्राक्षासवाला इतके गिऱ्हाईक आले, की पडवी अपुरी पडू लागली. एका दुपारी मी बसलो असताना शेजारच्या कोन गावचा एक धडधाकट गडी आला.

"बुवा, पोट लय जड हाय. द्राक्षासव द्या."

"जेवणानंतर दोन चमचे. तितक्याच पाण्यातून."

"आनि बाकीची बाटली कवा?"

बाकड्यावरचे लोक हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी काढलेली बाटली परत फळीवर ठेवली आणि त्याला हिंग्वाष्टकाची पुडी बांधून दिली. तो गेल्यावर म्हणाले, "मास्तर, वडिलांची विद्या मी असल्या घशांत ओततोय. आधीचे नाक दाबून प्यायचे, हे डोळे मिटून पितात. या खेपेचं गेल्या खेपेहून बरं का लागतं, असं इतक्या वर्षांत एकानं विचारलं नाही. तिथं विचारतात म्हणे."

तेव्हा मला कळले, की नकाशा कशासाठी लावला आहे. या माणसाला फ्रान्स बघायचे नव्हते. आपण आयुष्यभर जे केले त्याची चव ओळखणारी माणसे जगात कुठेतरी आहेत, एवढे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. त्यानंतर मी आर्बोइस म्हणू लागलो.

एका वर्षी पितृपक्ष आणि बोट यांचे जमले. अण्णांनी सरकारकडे परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज केला. पण अर्ज आणि परवानगी या दोन गोष्टींत आमच्या गावाने कधी फरक केलेला नाही. अर्ज टपालात पडला आणि आठवड्यात सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचे ते भाषण. भाषण संपल्यावर अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "औषध बरं होतं. अनुपान म्हणून उशी हवी होती." पण शालीच्या घडीवरून ते हात फिरवीत होते, हेही मी पाहिले.

त्या अर्जात प्रवासाचे कारण लिहायचे होते. परकीय चलन त्यावर मिळायचे. मी म्हणालो, 'वैद्यकीय अभ्यास' लिहू. अण्णांनी नकार दिला. रोग्याने वैद्यापाशी आणि माणसाने सरकारपाशी लक्षणे लपवू नयेत, असे त्यांचे मत. त्यांनी सांगितले तसे मी इंग्रजीत लिहिले: वाइन चाखणे व तिच्याबरोबर काय खावे हे ठरवणे. दारूबंदी असलेल्या राज्यातून, अन्नाची टंचाई असलेल्या काळात, हा अर्ज गेला. उत्तर सभ्य होते. नकाराला कारण दिलेले नव्हते, आणि आम्ही ते विचारलेही नाही.

पुढचे काही महिने वाईट गेले. सत्कार झालेला माणूस गावात राहतो म्हणजे काय, हे अण्णांना कळले. मंडईत जो भेटे तो विचारी, "हे काय, अजून इथंच?" अण्णा मंडईत जायचे थांबले. नकाशा मात्र त्यांनी काढला नाही. धन्वंतरीलाही सवय झाली होती.

मग बहरामशेटांचा निरोप आला. त्यांच्या भाच्याने बोटीवरून एक बाटली आणली होती. तब्येतीसाठी मद्य बाळगण्याचे परमिट बहरामशेटांकडे होते. अण्णांनी न्हाऊन नवे धोतर नेसले, खिशात अक्रोड घेतले, आणि आम्ही एस.टी.ने ठाण्यावरून मुंबईला गेलो. जुराचा प्रवास अखेर ग्रँट रोडला एका तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचला.

परमिट यजमानांच्या नावावर, म्हणजे कायद्याने तो घोट त्यांच्याच घशातून जायला हवा होता. अण्णांनी ही शंका काढली. "कायदा माझ्याकडे सोपवा," बहरामशेट म्हणाले, "तुम्ही फक्त प्या." मी अनुदानित शाळेचा नोकर, म्हणून नुसता बसलो. अण्णांनी चूळ भरली. अक्रोडाचा तुकडा चावला. पेला उजेडाकडे धरला, हुंगला, आणि एक घोट तोंडात घेऊन नाडी बघताना मिटत तसे डोळे मिटले. ते इतका वेळ उघडेनात, की बहरामशेटांनी माझ्याकडे पाहिले.

"बिघडलंय," अण्णा म्हणाले.

बहरामशेट खोकला येईपर्यंत हसले. ते असेच लागते, म्हणाले. पिंप रिकामे होत जाते, आत हवा जाते, वाइनवर पांढुरका पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्याखालीच ती सहा वर्षे पिकते. हीच तर तिची चव. अण्णांनी पेला खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि सावकाश, अक्रोडाबरोबर, संपवला.

आम्ही परतीला निघालो. ठाण्याला एस.टी. सुटायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो तेव्हा अण्णा म्हणाले, "मास्तर, पापुद्रा धरला की बरणी ओतून द्यायची. वडिलांनी सांगितलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाले, "किती ओतल्या असतील?" अनुपानाशिवाय दिलासा देऊ नये, एवढे त्यांच्याचकडून शिकलो होतो.

त्यानंतर पापुद्रा धरलेली पहिलीच बरणी त्यांनी ओतली नाही. पडवीच्या कोपऱ्यात ती एकटी ठेवली. इन्स्पेक्टरने हे काय म्हणून विचारले, तेव्हा म्हणाले, "हे मी बिघडू दिलं आहे." त्याने वास घेतला आणि हरकत घेतली नाही. अण्णांनी त्या बरणीला पुन्हा हात लावला नाही. सहा वर्षे, असे ठरले होते. गाडीचे बदल, चीज, आर्बोइस, सगळे बोलणे बंद झाले. संध्याकाळी मी गेलो की ते कोपऱ्याकडे मान करून बसलेले असत, आणि मीही बसे. त्या गप्प बसण्यात पूर्वीच्या वादांपेक्षा जास्त थकवा येई.

सहा वर्षे भरायला थोडे दिवस उरले असताना अण्णा झोपेत गेले. बरणी आम्ही उघडली ती काकूंनी सांगितले म्हणून. पडवी रिकामी करायची होती. मी एक थेंब जिभेवर घेतला. आंबट होता, जीभ आवळणारा. फ्रान्सचे असेच लागले होते का, हे सांगू शकणारा माणूस आता नव्हता, आणि बहरामशेटही त्याआधीच गेले होते.

काकूंनी वास घेतला, मूठभर मीठ टाकले, आणि तेराव्याची पितळी भांडी त्याने घासायला घेतली. चिंचेपेक्षा चांगली निघाली, असे त्या म्हणाल्या.