पाला कडू लागला म्हणून

माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिताना चुकलं तर चुकलं, पण हे मीच लिहिणार. पोराला सांगितलं तर तो मधलं मधलं गाळेल आणि बापाला चांगला दाखवेल.

आमच्या दर्यापूरकडच्या गावात कोणाला साप चावल्याचा संशय आला, की आधी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही. कडू नाही लागला, तर विष चढलं म्हणायचं. गावात ही पारख माझ्याकडे होती, बापाकडून आलेली. लोक दारात यायचे, मी पाला द्यायचो आणि म्हणायचो, "जा घरी, काई नाई." बहुतेक वेळा काही नसायचंच, कारण बहुतेक सापांना विषच नसतं. हे मला आत्ता कळलं. मान मात्र आधीपासून घेत आलो.

सोयाबीन निघालं होतं. गोठ्यात कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, छपराला टेकलेलं. सून कापूस वेचायला निघाली, तेव्हा आठ वर्षांच्या नातीला सांगून गेली, कोंबडीनं कुटारात अंडी घातली असतील, काढून ठेव. दुपारी पोरगी बोट धरून माझ्याकडे आली.

"आबा, कायतरी डसलं."

बोटावर दोन बारीक टिंबं. सूज नाही, रक्त नाही. मी पाला दिला. तिनं चावला आणि लगेच थुंकला.

"थू! जहरावानी कडू हाये, आबा!"

मी हसलो. म्हटलं, उंदीर असेल. थोड्या वेळानं म्हणाली झोप येते, तर म्हटलं झोप. दीड घंटा मी बाजूला बसून तिच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. चहाला उठवायला गेलो, तर तिच्या पापण्या उघडेनात आणि शब्द फुटेना. जीपमध्ये घालून दर्यापूरला नेली, तिथून अकोल्याला. मण्यार असावी म्हणाले. ती डसली तर सूजही नाही आणि दुखणंही नाही, नुसते डोळे मिटत येतात. दर्यापूरला डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला? मी म्हटलं, अर्धा तास.

अकोला यायच्या आधीच ती गेली.

मग बसायला येणाऱ्यांची रांग. एक उठला की दुसरा. मी कधी कोणाच्या पुढे मान खाली घातली नाही, पण ओट्यावर बसून त्यांची बडबड ऐकावी लागली. सगळ्यांच्या तोंडी माझाच अर्धा तास. "आबानं त लगेच नेलं, पन नशिबात नोतं." आणि आत बायका सुनेला सोलत होत्या.

"अवो, लेकराले कुटारात कायले धाडाचं बाई?"

"माहीच मत मारली गेलती," सून म्हणायची. "म्याच धाडली."

रोज तेच, म्याच धाडली. अर्धी भाकर खायची, उरलेली गायीला. मला तिचा राग यायचा. एकदा ओरडलो, "पुरे कर आता! किती दिवस तेच ते?" ती गप्प झाली, आणि मी स्वतःवर आणखी चिडलो. तोंड उघडायचं होतं मी आणि गप्प बसवलं तिला.

महिना झाला असेल. शेजारचा म्हातारा, माझ्याच वयाचा, लंगडत दारात आला. पायाच्या अंगठ्याला काही चावलेलं.

"पाला दे बे बुढ्या, लवकर."

"दवाखान्यात जा."

"दवाखान्यात? तुले काय झालं आज? पंचवीस खेपा तुह्याच हातचा पाला खाल्ला म्या."

"आता नाई देत. जीप पाह्य आन दर्यापूरले जाय."

"कावून? झाडाचा पाला सरला काय?"

"जातं का नाई तू? का घालू काठी?"

माझा आवाज गावभर गेला. म्हाताराही चिडला. "मोठा आला डॉक्टर! नातीले नोता देला काय पाला?"

सून दारात उभी होती. हाताला पीठ तसंच. म्हातारा गेला. गेला तो दवाखान्यातच गेला, एवढं खरं. ती माझ्यासमोर आली.

"मामाजी, तिले पाला देलता?"

"हो."

"कडू लागला?"

"हो."

"मंग?"

मग मी सगळं सांगितलं. झोप येते म्हणाली ते, माश्या हाकलल्या ते. दीड घंटा.

"डॉक्टरले अर्धा तास कावून सांगतलं?"

"लाज वाटली."

ती रडली नाही. "महिनाभर मी म्याच म्याच करून राहिली, तुमी आयकून राहिले," म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी तिनं पोराला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायका आल्या, त्यांनाही तिनं दारातच सांगितलं, एक शब्द न गाळता. बरोबर केलं.

आता लोकांचं नवीनच सुरू झालं. जुनं माणूस हाये, त्याले काय कळते. मला काय कळते! काल-परवापर्यंत सगळं गाव माझ्याच कळण्यावर चालत होतं. पोरगा म्हणतो, "बाबा, आता तो विषय नका काढू." का नको? माझ्या हातानं झालंय.

परवा मूर्तिजापूरहून सुनेची माय आली. आत बसून समजावत होती, "बुढा माणूस हाये, माफ करून टाक बाई, पुण्य लागन."

मी ओट्यावरून ओरडलो, "तुमाले कोनं मधात बोलावलं? माफ कराचं का नाई, ते तिचं ती पाईन!"

सून बाहेर आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अजून नाई केलं," ती म्हणाली.

"नको करू," मी म्हटलं.

ती आत गेली आणि मायला म्हणाली, "चाल, जेवून घेऊ."