फाटकापर्यंतची डबलसीट

बायको हरवते कशी, असं मला कोणी विचारलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. जत्रेत हरवेल, बाजारात हरवेल. पण सायकलच्या कॅरिअरवरून? माझी हरवली. चांगली धडधाकट, लग्नाला सहा वर्षं झालेली, सातवी पास बायको. अन् मला पत्ताच नाही!

ऐंशी सरून नव्वद लागायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. भीमपूरकडच्या आमच्या गावात अंगणवाडी निघणार होती आणि तिच्यासाठी शिकलेली बाई पाहिजे होती. बायकोच्या नावानं आमची दरखास्त गेली. आदिलाबादच्या ऑफिसातून कागद आला की सकाळी दहा वाजता मुलाखतीला या, येताना शाळेचा दाखला आणा. त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकर थापता थापता पोरांची गाणी पुटपुटायची. एकदा म्हणाली, "मले हे काम भेटलंच पाह्यजे. घरात राहून राहून शिकलेलं सारं इसरून चालली मी." तिनं माझ्याजवळ काही मागितल्याचं मला तरी तेवढंच आठवतं.

गावात बस येत नव्हती. फाट्यावरून एक जायची, पण तिचा काही भरवसा नव्हता. म्हणून मी म्हटलं, सायकलनं नेतो, तीन तासांत टेकवतो. आदल्या संध्याकाळी दोन्ही चाकांत हवा भरली, चेनीला तेल दिलं, कॅरिअरवर पोत्याची घडी बांधली. दाखला मी माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. तिच्याजवळ राहिला तर कुठं पाडेल, अशी मला काळजी! आता हे लिहितानाही कान गरम होतात.

सहा वाजता निघालो. डोक्यावर पदर, दोन्ही पाय एका बाजूला, अशी ती मागं बसलेली. डबलसीट जायची आमच्याकडे एक रीत होती. चढ आला की बाईनं न सांगता टुणकन उतरायचं आणि मागून चालत यायचं. चढ संपला की गड्यानं न थांबता हळूहळू पायडल मारायचं, बाईनं चार पावलं पळून मागं बसायचं. थांबून, पाय टेकून बायकोला बसवून घेतलं तर पाहणारे म्हणायचे, लय लाडाची दिसते! मग कोण थांबतो?

अर्ध्या वाटेवर मोठा चढ आहे. ती उतरली, मी दामटत वर गेलो. वर पोचल्यावर नेहमीसारखी चाल हळू केली. बैलबंडीच्या चाकोरीत मागचं चाक धाडकन आपटलं. मला वाटलं, बसली. अन् मी सुटलो.

पुढं उतार, पाठीशी वारा. सायकल काय पळत होती, बाप्पा! मी खूश. म्हटलं, हवा भरल्याचा गुण आहे, तेलाचा गुण आहे. अंगावरचं ओझं गेलंय हे काही या टाळक्यात शिरलं नाही. उलट मी तिला शिकवत होतो. "मॅडमनं विचारलं, लेकरू रडलं तं काय करशील, तं घाबरू नको. खाली पाहून बोलू नको. जोरानं बोल." मी स्वतः चौथीत शाळा सोडलेला माणूस! ती उत्तर देत नव्हती, पण त्यात नवल काय? ती कधीच देत नव्हती. फार तर "हं" म्हणायची, आणि ते मी ऐकल्यासारखं करायचो.

आदिलाबादला शिरताना रेल्वेचं फाटक लागलं. ते बंद होतं. कापसाच्या बंड्या, सायकली, सगळी गर्दी थांबलेली. मी पाय टेकला आणि म्हटलं, "उतर."

काही हालचाल नाही.

"उतर नं वो! झोपली का काय?"

मागं दुधाचे कॅन घेऊन एक जण उभा होता. तो म्हणाला, "कोणाले म्हणून राह्यले भाऊ?"

मी वळून पाहिलं. पोत्याची घडी होती. तिच्यावर कोणी नव्हतं.

पडली! कुठं पडली? ट्रकखाली आली की काय? मागचा रस्ता आठवू लागलो तर एकही गोष्ट आठवेना, नुसती माझीच बडबड आठवत होती. दूधवाल्यानं विचारलं, "काय झालं?" आणि खरं सांगतो, एवढ्या भीतीतही बायको हरवली असं म्हणायची मला लाज वाटली. "काही नाही," म्हटलं आणि सायकल उलटी फिरवली.

परतीला वारा समोरून होता. छाती फुटायची वेळ आली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिथं चार माणसं जमलेली दिसतील तिथं उतरून पाही. मध्येच समोरून बस आली, धुराळा उडवत. मी कडेला झालो, दस्तीनं तोंड झाकलं, डोळे मिटले. बस गेली की पुन्हा पायडल.

चढावर पोचलो तेव्हा बाजूच्या वावरात एक म्हातारी कापूस वेचत होती. मी ओरडलो, "मायबाई, इथं कोणी बाई पाह्यली का? हिरव्या लुगड्याची?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू का तिचा नवरा? अरे, पायात काटा मोडला म्हणून खाली वाकली बिचारी, अन् तू निघून गेला! किती हाका मारल्या तिनं! मंग रडत बसली होती. आता बस आली, तिच्यात बसून गेली."

मी सायकल आडवी टाकली. जिवंत आहे, एवढंच आधी डोक्यात शिरलं. रडू आलं. आणि मग, डोळे पुसायला दस्ती काढायला गेलो तर खिशात कागद लागला. दाखला. तिचा दाखला माझ्या खिशात होता आणि ती तशीच मुलाखतीला निघून गेली होती.

त्यानंतर जी सायकल मारली, ती जन्मात कधी मारली नाही. ऑफिसात पोचलो तर साडेबारा वाजून गेलेले. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती खाली बसली होती, एका पायाला चिंधी बांधलेली. मला पाहून उठली नाही. आत गेलो, घामानं ओला झालेला कागद कारकुनापुढं धरला. तो म्हणाला, "अब लाके क्या फायदा? बारा बजे तक रुके मॅडम. जवाब अच्छे दिये थे उसने. दूसरी का नाम लिख दिया."

मी हात जोडले, पाया पडायला गेलो. त्यानं मान हलवली आणि कपाट बंद केलं.

परत निघालो. ती कॅरिअरवर बसली. फाटक गेलं, वस्ती गेली. शेवटी मलाच राहवेना.

"हाक काऊन नाही मारली जोरानं?"

"मारली नं." तिचा आवाज अगदी शांत होता. "अवो, अवो म्हणून मारली. चढावर पाच-सहा बंड्या होत्या, त्याच्यातले सारे गडी वळून पाह्यले. मंग बसमधून मारली. बसमधले बी सारे पाह्यले. तुमी सोडून."

मी म्हटलं, "नाव घेऊन मारायची."

"घेतलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं?"

मला ठाऊक होतं मी काय म्हटलं असतं. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते, लाज नाही, असं म्हणून तिथंच तिच्यावर धावून गेलो असतो. दुसरं काही झालं नसतं. एवढा वेळ मी देवाला, काट्याला, वाऱ्याला शिव्या देत होतो. त्या क्षणी माझीच मला भीती वाटली.

मोठा चढ आला. मी सायकल थांबवली, दोन्ही पाय टेकले. ती सवयीनं उतरली आणि लंगडत पुढं चालू लागली. लुगड्याचा काठ धुळीनं भरला होता. मला काय झालं कोणास ठाऊक, सहा वर्षांत जे कधी घराबाहेर केलं नव्हतं ते केलं. तिचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली.

ती दचकली. पदर सावरून तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि घाईघाईनं मला म्हणाली, "हळू बोला नं, लोक आयकतील."

लांबपर्यंत रस्ता मोकळा होता.