दोन पाली, दोन चिठ्ठ्या

घरात पाल दिसली की खुर्चीवर चढणारी बाई संग्रहालयात पालींच्या बरण्या सांभाळायला लागली, हे कळल्यावर तिची सासू पोट धरून हसली होती. पण बाई टिकली, चोवीस वर्षं टिकली. मागच्या लांबट खोलीत सहाशेवर बरण्या. उडालेलं स्पिरिट भरायचं, गळकी झाकणं बदलायची, पुसट चिठ्ठ्या पुन्हा लिहायच्या. सरडे, सापसुरळ्या, पाली. कोण कुठे सापडलं ते चिठ्ठीवरच. सगळे तिला बरणीबाई म्हणत आणि तीही ओ देई.

नोकरीच्या पाचव्या वर्षी तिची लेक तापाने दवाखान्यात होती. तीन दिवस बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तशीच कामावर आली आणि दोन बरण्या हातातून निसटल्या. फरशीवर काचा, दोन राखाडी पाली आणि दोन सुट्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या पालींच्या पायाला बांधणारे दोरे कधीच कुजले होते. एकीवर लिहिलेलं ‘टेकडी, दगडांखाली’, दुसरीवर ‘ओढ्याकाठची झाडं, सालीच्या आड’. कोणती कोणाची? बाईने अंदाजाने नव्या बरण्यांत घातल्या, फरशी पुसली आणि कुणाजवळ ब्र काढला नाही.

पुढे विभागाच्या सरांनी तिच्या हातात भिंग दिलं. “बाई, बोटं बघा. पसरट, खालून पट्ट्या-पट्ट्या असतील तर ती चढणारी. काडीसारखी, नुसती नखंच असतील तर जमिनीवरची.”

सर जेवायला गेल्यावर तिने त्या दोन बरण्या खाली काढल्या. ‘दगडांखाली’ चिठ्ठीच्या पालीची बोटं पसरट होती, ‘सालीच्या आड’ चिठ्ठीच्या पालीची काडीसारखी. म्हणजे चिठ्ठ्या उलट पडल्या होत्या.

सांगायचं ठरवून ती तीनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली. लेकीची दहावी होऊ दे, मग सांगू. तिला नोकरी लागू दे, मग. अशी वर्षं गेली.

मग एक तरुण संशोधिका आली. पसरट बोटांची पाल पाहून ती उडालीच. अशी पाल आजवर कुणी नोंदवलेलीच नव्हती. “टेकडीवर इतकी पसरट बोटं?” ती स्वतःशीच पुटपुटली. “मोठ्या खडकांवर चढत असेल.” शेजारी उभ्या बाईने नरसाळं लावून पुढच्या बरणीत स्पिरिट ओतलं.

चार महिन्यांनी संशोधिका धावतच आली. “मावशी, टेकडी वाचली! माझ्या अहवालामुळे तिच्यावरून होणारा रस्ता आता ओढ्याकाठून जाणार. तिथली झाडं जातील, पण त्यांच्यावर साध्याच पाली आहेत.”

“कधी तोडणार?”

“परवाच सुरुवात झालीय की.”

बाई मटकन स्टुलावर बसली. “ताई, त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. माझ्या हातून. एकोणीस वर्षं झाली.”

संशोधिकेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला. “मी इथे बसून लिहीत होते, तेव्हा तुम्ही शेजारी होतात!”

“होते.”

सरांनी सगळं ऐकून चष्मा काढला. “त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी दहा मिनिटं ओरडलो असतो, बाई. विषय संपला असता.”

त्यांनी लगेच फोन फिरवले, पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी करवती थांबल्या. एकतीस झाडांपैकी एकोणीस आडवी झाली होती. उरलेल्या बारांवर शोध सुरू झाला. शिडी धरायला बाई स्वतःहून गेली. कुणी तिला बोलावलं नव्हतं आणि दिवसभर कुणी तिच्याशी बोललंही नाही. दुसऱ्या दुपारी संशोधिकेने सुटलेली साल हलकेच उचलली. आत सालीच्याच रंगाची पाल चिकटून बसली होती, बोटं पसरट. “हीच,” ती म्हणाली आणि वरच डोळे पुसत राहिली. खाली बाई शिडी धरून उभी होती.

लेकीने फोनवर विचारलं, “आई, माझ्या आजारपणामुळे झालं ना हे?”

“चिठ्ठ्या चुकल्या त्या धांदलीत,” बाई म्हणाली. “गप्प मात्र मी बसले गं.”

तिला लेखी ताकीद मिळाली आणि बरण्यांची खोली तिच्याकडून काढून घेतली. आता ती दाराशी बसून येणाऱ्यांच्या पिशव्या ठेवून घेते. संशोधिका येता-जाता मान हलवते, थांबत नाही. बारा झाडं राखून रस्ता झाला. त्यांच्यावर आतापर्यंत चार पाली मिळाल्यात. पडलेल्या एकोणीस झाडांवर किती होत्या, कुणाला ठाऊक.