वजनदार इंग्रजी

सोयगावच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी पिशवी स्वतः आत चढवली, खिडकीची जागा रुमाल टाकून धरली, आणि खाली उतरल्यावर ते सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, "सुनी, इंग्रजी शिकायची तर वजनदार शिक! हलकी नको!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या बाई फिसकन हसल्या. माय म्हणाली, "अहो, हळू बोला जरा, पोरगी लाजली." धाकटी रेखा तेव्हा चौदा वर्षांची. ती गाडीबरोबर दहा-बारा पावलं पळाली आणि मग चप्पल तुटली म्हणून थांबली. गाडीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असायचं. या गोष्टीला आता दोन तपं होतील.

अण्णा बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा, वजन बघायचं, मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं काम. जन्मभर काट्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट एक तर भारी, नाहीतर हलकी. एकदा कुठल्याशा कचेरीत साहेब त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलला होता. घरी येऊन ते म्हणाले, "तो काय बोलला ते मला कळलं नाय. पण मी खाली मान घातली, तेवढं कळलं." आमच्या बौद्धवाड्यातून शहरात शिकायला गेलेली मी पहिली पोरगी. माझ्या इंग्रजीवर त्यांचा किती जीव होता, हे वाचणाऱ्यांपैकी गावात राहिलेल्यांना मी सांगायला नको. तुम्ही रोज ऐकलंय ते, कंटाळा येईपर्यंत.

शहराच्या कडेला पडेगावात आत्याकडं राहायचं आणि शेअर रिक्षानं क्रांती चौकात क्लासला जायचं. क्लासचे सर मोठे हौशी. त्यांची रीत अशी की रोज प्रत्येकानं दहा अवघड शब्द पाठ करून यायचं, आणि ज्याचा शब्द वर्गात कुणालाच येत नसेल, तो पहिल्या बाकावर बसणार. बास! मला तर पहिला बाक म्हणजे राजगादीच वाटायची. साधे शब्द मी बघायचेसुद्धा नाही. डिक्शनरीत असे शब्द शोधायचे की सरांनीच चष्मा वर करावा.

पाठ करायची माझी एक युक्ती होती. प्रत्येक शब्दाला गावातलं एक माणूस द्यायचं. गॅऱ्युलस म्हणजे उगाच फार बोलणारा, तर तो शब्द शेजारच्या शांताकाकूला. लॅकोनिक म्हणजे मोजकंच बोलणारा, तो मायला. इन्डिफॅटिगेबल म्हणजे न थकणारा, तो अर्थातच अण्णांना. परदेशी जाऊन राहिलेल्यांनाही हे कळेल. नव्या गावात आपलं कुणी नसतं, मग माणूस आपली माणसं कुठं ना कुठं बसवत राहतं. वर्षभरात माझ्या वहीत अख्खं सोयगाव राहायला आलं होतं. शांताकाकूला पत्ताही नव्हता की ती क्रांती चौकात रोज हजेरी लावते.

एक शब्द मात्र कुणालाच दिला नव्हता. कन्ट्रिशन. आपल्या हातून झालेल्या चुकीबद्दल आतून वाटणारा पस्तावा. अर्थ पाठ, वाक्यात उपयोग पाठ, त्या शब्दावर पहिला बाकही मिळवलेला. वाटला मात्र कधीच नव्हता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला कसला पस्तावा?

सुट्टीला गावी गेले की लोक कागद घेऊन यायचे. "सुनीताबाई, अर्ज इंग्रजीत टाकून द्या, वजन पडतं." मराठीत चार ओळींत भागणारं काम, पण नाही! एका काकांच्या गल्लीतला हातपंप बंद पडला होता. मी असा काही अर्ज लिहिला की तहसीलच्या बाबूनं काकांना बोलावून विचारलं, "हे सगळं राहू द्या, तुम्हाला पाहिजे काय ते सांगा." काका म्हणाले, "पंप." झालं काम. गावभर हसू झालं. मी पण हसले. तिथंच शहाणपण यायला पाहिजे होतं. आलं नाही.

मग रेखाचा फॉर्म आला. ती बारावी झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. शहरातली एक संस्था दरसाल खेड्यातल्या काही मुलींना पुण्याला नर्सिंगला पाठवायची, शिकण्याचा आणि राहण्याचा सगळा खर्च करायची. आमच्यासारख्यांना दुसरा रस्ताच नव्हता. हे मिळालं तर नर्स, नाहीतर लग्न, इतकं सरळ होतं ते. फॉर्मसोबत स्वतःबद्दल एक पान इंग्रजीत लिहून द्यायचं होतं. रेखानं लिहिलं होतं. तिनं मला दाखवलं, आणि मी ते वाचून हसले. चौथीच्या पोरासारखी वाक्यं! माझे वडील कापूस तोलतात. माझी आजी ताप येऊन वारली तेव्हा घरात कुणाला काय करावं ते कळलं नाही. मला ते कळायला पाहिजे. असं काहीबाही. मी म्हटलं, "असं लिहितात का गं? हे हलकं वाटतं." आणि तिच्यासमोर तो कागद टराटरा फाडला.

रात्रीच्या जेवणाआधी मी नवं पान तयार केलं. वडील इन्डिफॅटिगेबल, सेवाभाव अनक्वेन्चेबल म्हणजे कधी न विझणारा, आणि काय काय. अण्णांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. एक शब्द कळत नव्हता, पण डोळे मिटून ऐकत होते. "व्हय," म्हणाले, "आता वजन आलं." रेखानं सुवाच्य अक्षरात ते पान उतरवून काढलं.

मुलाखत क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत होती. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते आणि दार नीट लागत नव्हतं. आतल्या बाई चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. आवाज मायेचा होता. त्यांनी विचारलं, "बेटा, तू वडिलांना इन्डिफॅटिगेबल म्हटलंयस. म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत सांग ना." रेखा गप्प. बाईंनी दुसरा शब्द विचारला. गप्प. मग त्या म्हणाल्या, "मराठीत सांगितलंस तरी चालेल. हे तूच लिहिलंयस का?"

"मीच लिहिलंय," रेखा म्हणाली.

मला एकच वाटत होतं. उठून आत जावं आणि सांगावं की मी लिहिलंय, तिला सोडा, तिचं तिला बोलू द्या. दार ढकललं की झालं असतं. मी उठले नाही. लाज वाटली. बाईंनी आणखी दोनदा विचारलं, रेखानं दोन्ही वेळा तेच सांगितलं, आणि मग फाइल मिटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "चल ताई, गाडी चुकंल."

याहून वाईट पुढं आहे. घरी पाऊल ठेवल्या ठेवल्या अण्णांनी विचारलं, "काय झालं?" रेखानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "तिथं वशिला लागतो, अण्णा. आधीच ठरलेलं असतं सगळं." रेखानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ती आत पाणी प्यायला गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नशीब चांगलं म्हणून गावातलंच स्थळ, माणूस भला. आज ती आशाताई आहे, घरोघर जाऊन बाळंतिणींचं बघते, लोकांना ती डॉक्टरीणच वाटते. पण ते लोकांना. तिला पुण्याला जायचं होतं.

मला वाळूजच्या एका कंपनीत परदेशी पार्ट्यांना मेल लिहायची नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनं माझी मेल माझ्याकडंच परत पाठवली. "सुनीता, समोरच्यानं एकदा वाचलं की कळलं पाहिजे. त्याला डिक्शनरी उघडायला लावलीस तर तो ऑर्डर दुसरीकडं देईल." मला तो फाडलेला कागद आठवला. अवघड शब्द मला आजही आवडतात, खोटं कशाला बोलू? अजूनही एखादा नवा सापडला की दिवस बरा जातो. पण आता मी आधी बघते की तो ज्याच्या तोंडी घालतेय त्याला तो पेलतो का. आणि तो एक शब्द, पहिल्या बाकावर बसवणारा कन्ट्रिशन, तो कुणाला द्यायचा हे तेव्हाच ठरलं. मला.

तरी वीस वर्षं मी गप्प बसले. सणावाराला जायचे, साडी न्यायचे, यायचे. रेखा नीट वागायची, फार नीट. वाद नाही, रुसवा नाही. पाहुण्याला जपतात तसं जपायची मला.

यंदा तिची मुलगी प्रांजल बारावी झाली. शिकायला माझ्याकडंच आहे. एक दिवस क्लासवरून आली ती नाचतच. "मावशी, नर्सिंगसाठी एक संस्था पुण्याला पाठवते!" तीच संस्था. मी काही बोलायच्या आत तिनं आजोबांना फोन लावला होता. अण्णा फोनवर गरजले, "अजिबात नाय! तिथं वशिला लागतो. तुझ्या आईचं काय झालं ते मला माहीत हाय. आपल्या वाड्यातल्या एकाही पोरीला मी तिथं फॉर्म भरू दिला नाय." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून खाली बसले. एकाही पोरीला! वीस वर्षं!

रविवारी पहिल्या गाडीनं गेले. अण्णा ओट्यावर, रेखा आलेलीच होती. बसायच्या आधीच सांगून टाकलं. "अण्णा, वशिला नव्हता. रेखाचं पान मी फाडलं, माझं लिहून दिलं. तिला त्यातलं काही येत नव्हतं. तिनं माझं नाव घेतलं नाही, आणि मी घरी येऊन खोटं बोलले."

अण्णा रेखाकडं वळून म्हणाले, "अन् तू बी गप्प?" रेखा म्हणाली, "तुम्हाला ताईचा लई अभिमान व्हता."

त्यांनी टोपी चढवली. "चल," मला म्हणाले. मापाड्यांची एक रीत आहे. सांगितलेलं वजन चुकलं असं कळलं, तर ते गुपचूप खोडायचं नसतं. ज्यांच्यासमोर पुकारलं त्यांच्यासमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात पुन्हा पुकारायचं. बाजार समितीपाशी चहाच्या टपरीवर त्यांच्या बरोबरीची म्हातारी माणसं रोज बसतात. तिथं मला उभी केली आणि म्हणाले, "सांग." त्रेचाळीस वर्षांची बाई मी, कंपनीत माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. सांगितलं. साध्या मराठीत, पहिल्यापासून.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एका काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "आमची सुमन बी भरणार व्हती तो फॉर्म. राहिलं मग." एवढंच. सुमन आता कुठं असते हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतताना अण्णा पुढं निघून गेले. रेखा रस्त्यात एकदम थांबली आणि माझ्यावर तुटून पडली. वीस वर्षांत पहिल्यांदा. "तुला कुणी सांगितलं माझं हलकं व्हतं म्हणून? त्या बाई मला विचारत व्हत्या, बापाबद्दल सांग. मला सांगता येत व्हतं! इंग्रजीत बी येत व्हतं! पण कागदावर तुझा बाप व्हता, माझा नव्हता. मी काय बोलू?" येणारीजाणारी माणसं बघत होती. तिला फिकीर नव्हती. मी रडत होते, ती रडत नव्हती.

"रेखा, मला माफ कर," मी म्हटलं.

"नाय करत," ती म्हणाली. "एवढ्यात नाय. माझं अजून बोलून झालं नाय. पुढच्या रविवारी ये."

प्रांजलनं फॉर्म भरलाय. पान तिचं तिनं लिहिलं, मी वाचायलाही मागितलं नाही. निकाल काय लागेल माहीत नाही. सुमनच्या धाकट्या भाचीनंही भरलाय म्हणे.

गाव सोडलेल्यांनो, घर म्हणजे काय असं आपण एकमेकांना सारखं विचारतो, आणि मग पुरणपोळी नाहीतर अंगण असलं काहीतरी सांगतो. माझं विचाराल तर मला इतकी वर्षं सोयगावात साडी, चहा, मान सगळं मिळत होतं, आणि घर नव्हतं. आता तिथं एक माणूस माझ्यावर उघड चिडलेलं आहे आणि माझी वाट बघतंय. गेल्या रविवारी दोन तास ऐकून घेतलं. या रविवारीही चाललेय. सकाळी साडेसहाची गाडी आहे.